एवढीशी पिशवी पुरेल का?

प्रश्न : माझा मुलगा १९ महिन्यांचा आहे, वजन १० किलो. सारखे कान फुटायचे, हर्नियाचं ऑपरेशन झालं, मग पाठीला बाक दिसला. तपासण्यांत हर्लर सिंड्रोम निघाला. मोठी मुलगी ४ वर्षांची आहे, तिचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी परदेशातल्या बँकेतली दान केलेल्या नाळेच्या रक्ताची पिशवी शोधली आहे, ६ पैकी ५ जुळते. पण पिशवी फक्त २५ मिलीची! एवढ्यानं काय होणार? सासूबाई म्हणतात, कुणाच्या तरी नाळेचं रक्त आपल्या पोराच्या अंगात नको. जाऊबाईंना आठवा महिना लागलाय, त्यांची नाळ जपून ठेवली तर चालेल असं एक एजंट सांगतो. आम्ही कागलजवळ खेड्यात राहतो, दारात चार म्हशी आहेत. मार्चमध्ये प्रत्यारोपण झालं तर पोराला घेऊन घरी कधी येता येईल?
– एक आई, कागल तालुका

उत्तर : ताई, २५ मिली म्हणजे चहाचे पाच चमचे. ते ऐकून पोटात गोळा आला असेल तर नवल नाही. पण इथे मिली मोजत नाहीत, पेशी मोजतात. बाळंतपणानंतर वारेत आणि नाळेत उरलेलं रक्त साधारण शंभर मिलीच्या आसपास निघतं. बँक त्यातल्या बऱ्याचशा तांबड्या पेशी आणि वरचं पाणी काढून टाकते आणि कामाचा भाग तेवढा २०-२५ मिलीत गोठवते.

डॉक्टरांना दोन आकडे विचारा आणि वहीत लिहून घ्या. पहिला टीएनसी, म्हणजे पिशवीतल्या केंद्रक असलेल्या एकूण पेशी. वजनाच्या दर किलोला किमान अडीच ते तीन कोटी लागतात. आनुवंशिक आजारात पाच कोटींच्या आसपास किंवा पुढे असलेल्या बऱ्या. तुमच्या बाळाला म्हणजे ५० कोटी. चांगल्या पिशवीत १०० कोटींच्या वर पेशी असतात, तेव्हा त्याला ती पुरून उरेल. तीच पिशवी ६० किलोच्या माणसाला दिली तर किलोला दोन कोटीसुद्धा पडत नाहीत, म्हणून हे रक्त मुख्यतः लहानग्यांच्या उपयोगी पडतं. दुसरा आकडा सीडी३४ चा. नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी याच, आणि त्या किलोला दीड लाखाच्या वर असाव्यात. दोन्ही आकडे गोठवण्याआधीचे की वितळवून तपासलेले, हेही विचारा, कारण वितळताना काही पेशी मरतातच.

६ पैकी ५ हा नाळेसाठी चांगला जुळाव आहे. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत एवढी तफावत जड जाते. नाळेतल्या लढाऊ पेशी मात्र अजून कशाशीच न लढलेल्या, कोऱ्या असतात. त्या परक्या शरीराला कमी दुखावतात, म्हणून थोडा फरक चालून जातो. जिथे जुळत नाही त्या जागेविरुद्ध बाळाच्या रक्तात आधीच अँटिबॉडी नाहीत ना, ही तपासणी झाली का ते विचारा. त्या असतील तर पिशवी कितीही भरलेली असो, रुजायला त्रास होतो.

हर्लरमध्ये नाळेचं रक्त पसंत करायला आणखी एक कारण आहे. या आजारात एक एंझाइम तयार होत नाही, त्यामुळे पेशींत साखरेच्या लांबलचक साखळ्या साचत जातात. आईवडील दोघंही वाहक असतात, त्यांच्या रक्तात ते एंझाइम साधारण निम्मं. भावंड जुळलं तरी तेही वाहक असू शकतं. परक्या निरोगी बाळाच्या पेशी पूर्ण पातळीचं एंझाइम घेऊन येतात. आईची किंवा वडिलांची अर्धी जुळणारी मज्जा, ज्याला हाप्लो म्हणतात, हा मार्ग आपल्याकडे जास्त वापरात आहे आणि स्वस्तही पडतो. तुमच्यासाठी तो का निवडला नाही, हे डॉक्टरांना सरळ विचारा. त्यांना राग येणार नाही, आणि आला तरी विचारा.

आता अवघड भाग. नाळेचं रक्त लवकर मिळतं, पण उशिरा रुजतं. तुमचे पैसे, घर, रजा, मोठ्या मुलीची सोय, सगळं या उशिरावर बेतायचं आहे.

आधी होकाराच्या वेळचं. केमोथेरपीचा पहिला डोस जाण्यापूर्वी ती पिशवी प्रत्यक्ष हॉस्पिटलात पोचलेली असली पाहिजे. ‘निघाली आहे’ हे पुरेसं नाही. पिशवी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवलेली असते आणि नायट्रोजनच्याच बंद टाकीतून विमानानं येते. वाटेतलं तापमान नोंदवणारं यंत्र टाकीला असतं. ती नोंद तपासली गेली का, पिशवीला जोडलेल्या छोट्या नळीतल्या रक्तावरून एचएलए पुन्हा पडताळलं का, हे विचारा. केमो सुरू झाल्यावर मागे फिरता येत नाही. आणि दुसरी बाजू : पेशी रुजल्याच नाहीत तर पुढचा दाता कोण? त्याच नाळेतून दुसऱ्यांदा काही मागता येत नाही, ते बाळ केव्हाच घरी गेलेलं असतं. म्हणून राखीव योजना, बहुधा तुम्हा दोघांपैकी एकाच्या मज्जेची, आधीच कागदावर असावी.

खर्चाचं अंदाजपत्रक कलमवार मागा. पिशवीची किंमत आणि वाहतूक त्यात धरली आहे का? विषाणूंवरची औषधं, यकृताच्या गुंतागुंतीवरचं डेफिब्रोटाइड, घरी सोडल्यावर पुन्हा भरती? पॅकेजमध्ये नेमकी हीच कलमं बाहेर असतात. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात तीव्र हर्लर पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचारानं आटोक्यात येणाऱ्या आजारांत आहे. मान्यताप्राप्त केंद्रामार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम हे असं केंद्र आहे. पण धोरणात प्रत्यारोपण वयाच्या पहिल्या दोन वर्षांत, असं म्हटलं आहे. तुमच्या बाळाला १९ महिने झाले. अर्ज या आठवड्यात करा. पिशवीचं पत्र, एंझाइमचा आणि जनुकाचा रिपोर्ट सोबत न्या. हॉस्पिटल धर्मादाय न्यासाचं असेल तर दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात भरती होण्याआधीच जा.

आणखी एक, हर्लरपुरतंच. छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं आणि रक्त देण्याची नळी, बसवायला भूल द्यावी लागते आणि या मुलांची जीभ मोठी, श्वासमार्ग अरुंद, मानेचे मणके कच्चे असतात. अशा मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेलाच भूलतज्ज्ञ हवा. हा आग्रह धरायला संकोचू नका.

केमोचा आठवडा साधारण असा जातो : बुसल्फान आणि फ्लुडाराबिन ही केमोची औषधं, बहुतेक वेळा सोबत एटीजी, म्हणजे बाळाच्या लढाऊ पेशी दाबणारं औषध. बुसल्फानमुळे झटके येऊ नयेत म्हणून आधीपासून औषध असतं. रक्तातली त्याची पातळी मोजून डोस ठरवतात, कारण कमी पडलं तर पेशी रुजत नाहीत आणि जास्त झालं तर यकृताच्या बारीक शिरा तुंबतात. बाळाचं वजन दिवसातून दोनदा करतात ते त्यासाठी. वजन भराभर वाढणं, पोट फुगणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही त्याची पहिली खूण. पुढे मोठेपणी अपत्य होण्यावर बुसल्फानचा परिणाम होऊ शकतो. हे आता ऐकायला नको वाटेल, पण सही करण्याआधी माहीत असलेलं बरं.

ज्याला शून्यावा दिवस म्हणतात तो प्रत्यक्षात अगदी साधा असतो. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात, बहुधा धुतात आणि लाइनमधून दहा-वीस मिनिटांत देतात. गोठवताना पेशी जपायला घातलेल्या द्रव्याचा वास बाळाच्या श्वासाला आणि अंगाला एक-दोन दिवस येतो, लसणासारखा किंवा उकडलेल्या मक्यासारखा. लघवी काही तास लालसर होऊ शकते. फुटलेल्या तांबड्या पेशींचा तो रंग. दोन्हींनी घाबरू नका, पण डायपर नर्सला दाखवा.

मग वाट पाहणं. पांढऱ्या पेशी शून्यावर जातात आणि तिथेच बसतात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिल्या की पेशी रुजल्या म्हणतात. मज्जेच्या प्रत्यारोपणात हे दोन-तीन आठवड्यांत होतं, नाळेत तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त. साधारण ४२ दिवसांपर्यंत धीर धरतात. रोज सकाळी सहाला ‘काउंट आला का’ म्हणून नर्सच्या मागे लागणारे आईबाप प्रत्येक वॉर्डात असतात. तुम्ही शेतातली माणसं. उसाची लावण केल्यावर चौथ्या दिवशी सरीत हात घालून कांडी उकरून बघत नाही ना कुणी? दुसऱ्या आठवड्यात ताप आणि अंगावर लाली आली तर ती प्रत्येक वेळी जंतूंचीच असते असं नाही. पेशी रुजण्याच्या तयारीतही असं होतं, आणि थोड्या स्टेरॉइडनं उतरतं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. तोवर अँटिबायोटिक चालूच राहतात.

प्लेटलेट तर सगळ्यात शेवटी येतात. दीड-दोन महिने, कधी त्याहून उशिरा. तेवढे दिवस त्या बाहेरून द्याव्या लागतात आणि बाहेरच्या प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, साठा करून ठेवता येत नाही. म्हणून आत्ताच दात्यांची यादी करा. पुण्यात नोकरीला असलेली गावातली, तालमीतली पोरं या कामाला उत्तम. वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर, हाताच्या शिरा ठसठशीत, गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. मशीनवर दीड-दोन तास जातात. एक दाता ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, पण आठवड्यात दोनदाच. पंधरा-वीस नावं, रक्तगट आणि फोन एका कागदावर लिहा. जवळच्या नात्यातल्यांना यात धरू नका. विशेषतः तुम्ही दोघं प्रत्यारोपणाआधी बाळाला रक्त देऊ नका, राखीव दाते तुम्हीच असाल तर ते घातक ठरतं. बाळाला जाणारी रक्ताची आणि प्लेटलेटची प्रत्येक पिशवी इर्रेडिएटेड, म्हणजे किरण देऊन तिच्यातल्या लढाऊ पेशी निकामी केलेली हवी. कागल-कोल्हापुरात पुढे कधी तातडीनं रक्त लागलं तरी हेच सांगायचं. हा शब्द एका कार्डावर लिहून बाळाच्या फाइलला चिकटवा.

वॉर्डातून सुटी झाल्यावर लगेच गाव नाही. शंभरावा दिवस होईपर्यंत हॉस्पिटलपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात खोली घ्या. या काळात तुमच्याकडे एक डिजिटल वजनकाटा, एक थर्मामीटर आणि वही असू द्या. डायपर आधी कोरं मोजायचं, मग भरलेलं. फरकाचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली. पातळ शी दिवसाला १०० मिलीच्या पुढे गेली, किंवा तळहात, तळपाय, कानामागे लाली आली, तर नव्या पेशी बाळाच्या शरीराशी भांडू लागल्या असतील. याला जीव्हीएचडी म्हणतात. नाळेत तो तुलनेनं कमी असतो, नसतोच असं नाही. काखेत १००.४ ताप म्हणजे तासाभरात हॉस्पिटल. घरी पॅरासिटामॉल देऊन ‘बघू या’ म्हणायचं नाही, आणि ताप गुदद्वारातून मोजायचा नाही.

हे भांडण रोखायला सायक्लोस्पोरिन असतं. इथे एक चूक सर्रास होते. रक्तातली पातळी सकाळच्या डोसच्या आधी बघायची असते, आणि आई सवयीनं सातला डोस देऊन बाळाला आणते. मग आकडा फुगलेला येतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि जीव्हीएचडी उसळी मारतो. तपासणीच्या दिवशी औषधाची बाटली पिशवीत टाकून सोबत न्या, रक्त काढल्यावर द्या. बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका, औषध घट्ट होतं. पपनस अजिबात नाही. त्यानं पातळी वाढते. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, गुळवेल, कुणी प्रेमानं आणलेली भस्मं तर नाहीच. आपण मुद्दाम दाबून ठेवतोय तीच शक्ती ती उचकवायला बघतात. ब्रुफेनसारखी औषधंही टाळायची, मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो.

आता तुमचा खरा प्रश्न, घरी कधी. समजा १० मार्चला प्रत्यारोपण झालं. शंभरावा दिवस येतो १८ जूनला. तिथून पुढे पावसाळा. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता, जुलै २०२१ मध्येही बंद पडला. कागल शिरोलीच्या पलीकडे. रात्री दोनला बाळाला १०१ ताप आणि रस्ता बंद, ही वेळ मुद्दाम ओढवून घेऊ नये. नाळेनंतर प्रतिकारशक्ती सावकाश येते. विषाणूंची, खास करून सीएमव्ही आणि अडेनोची भीती शंभर दिवसांनंतरही काही महिने राहते. म्हणून आमचं मत : जमत असेल तर सप्टेंबरअखेरपर्यंत पुण्यातच राहा. नाहीच जमलं तर महिन्याभराची औषधं घरात हवीत आणि कोल्हापुरातल्या एका बालरोगतज्ज्ञाला सगळा इतिहास आधी समक्ष सांगून ठेवा.

म्हशी विकायची गरज नाही. पण बाळाची खोली गोठ्यापासून लांबची, खिडकी विरुद्ध बाजूला. कडबा, मळणीची धूळ, शेणाचं सारवण, घराची पाडापाडी, ओल धरलेली भिंत, या सगळ्यांत बुरशी असते आणि ती या मुलांच्या फुप्फुसात वाढते. धारा काढणाऱ्यानं हातपाय धुऊन, कपडे बदलूनच बाळाला घ्यायचं. दूध पिशवीचं, पाश्चराइज्ड, तेही उकळून. धारोष्ण दूध, मग ते स्वतःच्या म्हशीचं असो की कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावरचं, नाही म्हणजे नाही. पाणी खळखळून उकळलेलं, झाकलेलं, चोवीस तासांच्या आतलं. जेवणाचं एक सोपं सूत्र धरा : शिजलेलं आणि वाफाळतं चालतं. कमी तिखट पांढरा रस्सा चालेल, पण मिसळीवरचा कच्चा कांदा, कोशिंबीर, बाजारचं दही, तीर्थ, उघड्यावरचा प्रसाद नको. जोतिबाची यात्रा आणि गुलाल पुढच्या वर्षीही असेल.

मोठीच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. पल्स पोलिओचे थेंब तिला द्यायचे नाहीत. त्यात जिवंत विषाणू असतो, तो शीवाटे बाहेर पडतो आणि घरात पसरतो. आशाताई दाराशी आल्या की नम्रपणे कारण सांगा. पोलिओची लस तिला इंजेक्शनातून द्या. चुकून थेंब गेलेच तर चार ते सहा आठवडे तिला बाळापासून वेगळी ठेवा. गोवर, कांजिण्यांच्या लसी मात्र तिला आत्ताच, भरतीच्या आधी पूर्ण करून घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी दर वर्षी फ्लूची लस घ्यावी. बालवाडीत कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. संरक्षक इंजेक्शन पहिल्या चार दिवसांत दिलेलं उत्तम. बाळाच्या स्वतःच्या लसी पुसल्या जातात. साधारण सहा महिने ते वर्षानंतर निर्जीव लसींपासून पुन्हा सुरुवात, जिवंत लसी दोन वर्षांनंतर, तेही औषधं बंद आणि जीव्हीएचडी नसेल तरच.

प्रत्यारोपणानं काय होईल आणि काय होणार नाही, हे आधीच कळलेलं बरं. नव्या पेशी मेंदूतही जाऊन बसतात आणि बुद्धीची घसरण थांबवतात, पण त्याला काही महिने लागतात. यकृत, प्लीहा, श्वास, ऐकणं सुधारतं. हाडांत मात्र एंझाइम नीट पोचत नाही. पाठीचा बाक, खुबा, बोटं आखडणं, डोळ्यांवरचा धूसरपणा याची देखभाल पुढे वर्षानुवर्षं करावी लागेल. कदाचित पाठीचं ऑपरेशनही. ३०, ६० आणि १०० दिवसांच्या आसपास रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आहेत ते तपासतात. त्याच्यासोबत एंझाइमची पातळीही लिहून घ्या. प्रत्यारोपण होईपर्यंत दर आठवड्याचं एंझाइमचं सलाइन मिळत असेल तर ते चुकवू नका, ताकद टिकते.

सासूबाईंना सांगा, नाळ कापून झाल्यावर वारेत उरलेलं हे रक्त आहे. आपल्याकडे वार पुरतात, दवाखान्यात ती टाकून देतात. ज्या बाळाची ती होती त्याला ना सुई टोचली, ना त्याचं काही कमी झालं. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. एलिआन ग्लुकमन यांनी पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या धाकट्या बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं, तिथून हे सुरू झालं. नातवाचा स्वभाव, चेहरा, काहीही बदलणार नाही. रक्तगट मात्र बदलू शकतो. दाता बी पॉझिटिव्ह असेल तर काही महिन्यांत पोरगाही बी पॉझिटिव्ह होईल. तेव्हा रक्तगटाचा जुना कागद फाइलीतून काढून ठेवा.

आणि जाऊबाई. चुलत भावंडाची नाळ जुळण्याची आशा नगण्य, शिवाय ते बाळ स्वतः वाहक असू शकतं. तुमच्या बाळाला त्याचा उपयोग होईल या हिशेबानं पैसे भरू नका. ‘पुढे स्वतःच्याच बाळाला कामी येईल’ असंही एजंट म्हणेल. आनुवंशिक आजारात स्वतःच्या नाळेत तोच दोष असतो, आणि अशी खासगी साठवण आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषदही सुचवत नाही. तुम्हाला स्वतःला पुढे मूल झालं तर? ते निरोगी असून जुळणारंही असण्याची शक्यता १६ पैकी ३. तुमच्या मुलाकडे तेवढे महिने नाहीत. पण पुढच्या गर्भारपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासून आजार आहे का ते कळतं, एवढं लक्षात ठेवा. जाऊबाईंच्या डॉक्टरांना मात्र एक सांगा : बाळ जन्मल्यावर किमान मिनिटभर नाळ कापू नका. ते रक्त तिच्या बाळाच्या अंगात जाऊ दे.